हरल्याशिवाय सुट्टी नाही

"अगं, सोड ते हात! बोटं पांढरी पडलीत बघ," पेग स्वीनी म्हणाली. "दहा गुणांनी पुढे आहोत आपण. आता काय आभाळ कोसळणार आहे?"

क्लॉडेट गॅन्यननं हात सोडले नाहीत. थंडी तर होतीच, पण खरं कारण पेगला सांगण्यासारखं नव्हतं. कोल्टन हिल हायस्कूलचे सगळे लोक जिंकण्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते. कोचची बायको मात्र पहिल्या रांगेत, शाळेची लाल टोपी घालून, हरण्यासाठी प्रार्थना करत होती.

देवा, एकदाच. एकदाच हरव रे यांना.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी शेजारच्या ॲशग्रोव्हच्या शाळेशी अमेरिकन फुटबॉल, ही आजोबा-पणजोबांपासूनची चाल. टर्की ओव्हनमध्ये ढकलायची आणि थेट मैदान गाठायचं. वर्षभरात बाकीच्या मॅच हरलात तर कोणी विचारत नाही. ही हरलात तर दुकानात तोंड दाखवायची चोरी. आणि क्लॉडेटचा नवरा लिओ कोच झाल्यापासून शाळा ही मॅच हरलीच नव्हती. पहिल्या विजयाच्या भरात त्यानं सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, "ॲशग्रोव्हकडून हरेन त्या दिवशी शिट्टी खाली ठेवीन. त्याआधी नाही!" तरुण होता, बोलून बसला. गावानं मात्र तो शब्द धरून ठेवला.

मग तीन वर्षांपूर्वी सराव घेता घेता तो मैदानावरच कोसळला. हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरीणबाईंनी क्लॉडेटला बाजूला घेऊन सांगितलं, "हा आरडाओरडा, ही दगदग बंद करा. पुन्हा असं झालं तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

तरी तिनं लिओला 'सोड' म्हटलं नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस उभा जन्म जगला, ती बायकोनं हिसकावून कशी घ्यायची? हरला तर आपोआप सुटेल, कोणाचं मन दुखणार नाही. पण मेली ती पोरं जिंकतच होती. दर वर्षी मॅच संपली की गाव नाचायचं, आणि क्लॉडेट घरी येऊन मुकाट्यानं बटाटे कुस्करायची.

शेवटचा क्वार्टर सुरू झाला आणि लिओनं भलतंच केलं. चार वर्षं घाम गाळूनही बाकावरच बसून राहिलेली, शेवटच्या वर्षाची सगळी पोरं त्यानं एकदम मैदानात उतरवली. भरवशाचे गडी सगळे बाहेर.

"ओ कोच, डोकं ठिकाणावर आहे का?" मागून कोणीतरी गरजलं. "बालवाडीचं स्नेहसंमेलन आहे का हे?"

"अगं बाई, माझा डेक्लन!" पेग ताडकन उभी राहिली. "माझा डेक्लन खेळतोय!" दहा गुणांचं काय होणार, हे तिच्या गावीही नव्हतं.

ॲशग्रोव्हनं एक टचडाउन करून सात गुण खेचले. आणि खेळ संपता संपता दुसरा.

कोल्टन हिल हरलं.

क्लॉडेटचा जीव भांड्यात पडला. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती रडायलाच लागली. "नको गं रडूस," पेगनं तिला मिठीत घेतलं. "खेळ आहे, चालायचंच." मैदानात चिखलानं माखलेली ती बाकावरची पोरं, जणू जिंकल्यासारखी, कोचला खांद्यावर घेऊन नाचत होती.

दुपारी जेवायला दोघंच होती. लिओनं टर्कीचा दुसरा तुकडा ताटात घेतला.

"झालं," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. उद्या प्रिन्सिपॉलना फोन करतो."

"फार वाईट वाटतंय का रे?"

"तुला?"

"मला... थोडं." तिनं ग्रेव्हीचं भांडं उगाचच पुढे सरकवलं. "त्या पोरांना खेळवलंस ते फार छान केलंस. पण एकेक करून उतरवायचंस ना. सगळी एकदम कशाला?"

लिओनं काटा खाली ठेवला.

"रागावणार नाहीस?"

"नाही."

"मी थकलोय गं. त्या स्टेंटच्याही आधीपासून. दर वर्षी ठरवायचो, यंदा हरायचं आणि सुटायचं. पण मागे वळून बघितलं की तू पहिल्या रांगेत, हात घट्ट जोडून, आम्ही जिंकावं म्हणून देवाला साकडं घालत बसलेली. तुझं मन मोडायचा धीरच व्हायचा नाही." त्यानं बटाट्यांचं भांडं जवळ ओढलं. "म्हणून या वर्षी मी मागे वळून बघितलंच नाही."