ताट घेऊन या

दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. वॉरबिलाच्या नगर सभागृहात पहिलं ताट आलं. रिकामं.

सलोखा दिनाचं जेवण साडेबाराला होतं. केशरी फुगे, केशरी टेबलं, सात भाषांत ‘सुस्वागतम’. सगळं ग्लेनिस ट्रँटरने जातीने मांडलं होतं. एक वाजता सिडनीहून कसापिदिस बाई पाहणीला येणार होत्या. लोक एकत्र जमलेले दिसले तर ग्लेनिसचं सलोखा अधिकाऱ्याचं पद राहणार, नाहीतर जूनमध्ये घरी.

ताट आणलं होतं न्यांदेंगने. बारा वर्षांपूर्वी दक्षिण सुदानहून आलेली, कत्तलखान्यात मांस कापणारी.

“घ्या!” ग्लेनिस कारकून डॅरिलच्या कानाशी लागली. “पत्रकात ‘ताट घेऊन या’ लिहिलं, तर बाईसाहेब ताटच घेऊन आल्या. धुऊनपुसून!”

“दर वर्षी भरून आणते की ती,” डॅरिल पुटपुटला.

“मग यंदा विसरली. ह्या लोकांना किती वेळा शिकवायचं!”

ग्लेनिस पुढे झाली. बहिऱ्याशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “न्यांदेंग, आपल्याकडे ताट म्हणजे भरलेलं ताट. घरून करून आणायचं. कळलं?”

“कळतं, ग्लेनिसबाई. हे तुमच्यासाठी आणलंय. जेवण फाटकावर आहे.”

कत्तलखान्याने एकोणीस जणांना कामावरून काढलं होतं. त्यांच्यासाठी सोमवारपासून सगळे कामगार कत्तलखान्याच्या फाटकावर ठाण मांडून होते.

ग्लेनिसने नाक मुरडलं. “तिथली भांडणं इथे नकोत. आज सलोखा आहे.”

“बरं.” न्यांदेंगने ताट टेबलावर ठेवलं. दारात थांबून म्हणाली, “नेपाळ्यांचे मोमो लवकर संपतात हं.”

साडेबारा वाजले. दुसरं कुणी आलं नाही. ग्लेनिसने डॅरिलला बेकरीत पिटाळलं. “मिळेल ते आण. घरचं वाटेल असं मांडू.”

डॅरिलही परतला नाही.

एकला पाच कमी असताना फोन वाजला. कसापिदिस बाई. मागे हशा आणि पळ्या-पातेल्यांचा आवाज.

“ग्लेनिस, गावात शिरताना गर्दी दिसली, फाटकावरच उतरले. अर्धा तास जेवतेय! सुदानी, नेपाळी, टोंगन, इथले जुने गोरे, सगळे एका पंगतीत. तुमचा डॅरिल तर आग्रह करकरून वाढतोय. बरं, अहवालात लिहायचंय म्हणून विचारते, ह्यात तुमचं काम नेमकं कोणतं?”