दोन बोटं कमी

अपघातात बायको गेल्याचा त्याला फोन आला, त्याच दिवशी सकाळी तिने लेकीला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं होतं. "थीम पार्कला जायचं तर आधी उंची बघायची, मग तिकिटं काढायची. मोठ्या पाळण्यात घेतलं नाही, तर ही तिथेच भोकाड पसरेल!" पाळण्याला लागणाऱ्या उंचीवर तिने पेन्सिलने रेघ मारली. लेक दोन बोटं कमी पडली.

"डोकं रेघेला टेकलं की आपण तिघं जाऊ."

वर्ष उलटलं. लेकीचे बूट दोनदा बदलले, तरी डोकं रेघेखालीच. एकदा बापाने खाली पाहिलं, तर झग्याआड तिने गुडघे वाकवले होते.

"ताठ उभी राहा ना, बाळा."

"नको. मग आपल्याला दोघांनाच जावं लागेल."

तिकिटं काढायची अजून राहिलीच आहेत.