निळ्या बाजूची खाच

नरोलीच्या सूतरंगाईच्या कारखान्यात रोहिणी सुताच्या रंगाची शेड, म्हणजे छटा, तपासायची. खोली अरुंद, दार एकच, आणि दाराजवळ रंग मोजायचं मशीन. आत सुताचा नमुना ठेवून झाकण लावलं की नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर त्याच्या रंगाचा आलेख उमटायचा.

त्या दुपारी मशीन रिकामं होतं, तरी आलेखात एक खोल खाच पडली. शेजारीच उंच सुळका.

रोहिणीनं झाकण उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

असा आलेख तिनं धुळ्याच्या कॉलेजात पाहिला होता, एका प्रचंड निळ्या ताऱ्याचा. तो तारा मधूनच खवळतो, अंगावरचा वायू भिरकावतो आणि त्याचा वर्णपटच बदलून जातो. तेव्हा सर म्हणाले होते, "खाच निळ्या बाजूला सरकली, की समजायचं, ते आपल्याकडे येतंय."

पडद्यावरची खाच निळ्या बाजूला सरकत होती.

ती एक पाऊल मागे झाली. खाच थांबली. क्षणभरानं पुन्हा सरकू लागली.

ती आणखी मागे झाली. खाच परत थांबली, परत सरकली.

"म्याडम, सुताचा पुढचा लॉट चढवू का?" रंगाईवरचा नवनाथ दारात येऊन उभा राहिला. "अशा कोपऱ्यात काय उभ्या? बाहेर या ना."

दार मशीनच्या पलीकडे होतं.

"नवनाथ, तुला आपल्या दोघांच्या मध्ये काही दिसतंय?"

"कुठं काय?" तो हसला.

तिची पाठ भिंतीला टेकली. खाच थांबली.

मग सरकू लागली.