सहाची नोंद

टेहळणी मनोऱ्याखाली मामांचा मृतदेह सापडला. वणव्यावर नजर ठेवणारे हे म्हातारे पहारेकरी साऱ्या वनखात्याचेच मामा होते. संध्याकाळी सातला डबा घेऊन गेलेल्या सख्ख्या भाच्यावर खुनाचा संशय होता. “मी पोचलो तेव्हाच अंग गार होतं हो,” भाचा रडत म्हणाला. “सहाला वायरलेसवर बोललेला माणूस सातला गार?” फौजदाराने रेंजरची वही आपटली. ‘सहा वाजता मनोरा, सर्व ठीक.’ रेंजरने मान खाली घातली. “ती नोंद मी सकाळीच लिहून ठेवतो. सहाला माझा वायरलेस मी बंदच ठेवतो. मामा रोज तेच विचारायचे, ‘साहेब, चहा झाला का?’ कंटाळा यायचा, म्हणून बंद करायला लागलो.” भाचा सुटला. डॉक्टरी तपासणीत निघालं, मामा दुपारीच मनोऱ्याच्या शिडीवरून घसरले होते. रेंजरवर चौकशी बसली. त्या संध्याकाळी सहाला आपल्या रिकाम्या चौकीत त्याने वायरलेस लावला. नुसती खरखर. बटण दाबून तो हळूच म्हणाला, “नाही मामा, व्हायचाय अजून.”