न बसणारे एकसष्ट

“पॉइंट एक्क्याऐंशी,” मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. “आणि हे तू मला दाखवायला आणलंस?”

ती उभीच होती. बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

“मॉडेल उत्तरांशी किती जुळतं, तो आकडा पॉइंट पंच्याण्णवच्या पुढे हवा. चार वाजता समिती बसतेय. दोनदा मुदत वाढवून दिली, तिसऱ्यांदा मिळत नाही. मॉडेल बसलं तर प्रबंध पुढे जाईल, नाहीतर नोंदणी रद्द. मग पाच वर्षं विसरायची.”

भिंतीवर सव्वादहा वाजले होते.

ती बाहेर आली तेव्हा तळहात बर्फासारखे गार पडले होते. गंमत म्हणजे तिचा विषयच भीती हा होता. दवाखान्यात गेल्यावर माणूस कशाकशाला घाबरतो? तिने भीतीचे तीन कप्पे केले होते: दुखेल ही, लोक हसतील ही, आणि पुढे काय होणार ही. प्रत्येक कप्प्यात सहा प्रश्न. हेच तिचं मॉडेल. तीनशे रुग्णांची उत्तरं संगणकाला द्यायची आणि विचारायचं, सांग, माझे कप्पे बरोबर आहेत का. संगणक महिनाभर नाहीच म्हणत होता.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण खुर्चीसकट सरकत आली. तिला सगळा विभाग आकडेमास्तरीण म्हणायचा.

“चेहरा बघ. कुणी इंजेक्शन दिलं का?”

“हसू नकोस गं. चारच्या आत बसलं पाहिजे.”

“मग दुरुस्त्यांची यादी काढ.”

कोणते दोन प्रश्न एकमेकांना जोडले तर मॉडेल सुधारेल, ते यादीत येतं. सगळ्यात वर होते चौथा आणि पाचवा. एक म्हणत होता, सुई पाहून हात थरथरतो. दुसरा म्हणत होता, सुईकडे बघवत नाही. एकाच माणसाला दोनदा हाक मारल्यासारखं. तिने ते जोडले. पॉइंट त्र्याऐंशी.

“अजून जोड.”

“कारण काय लिहू?”

“आकडा वाढतो, हे.”

“ते कारण नसतं.”

“बरं मग, तत्त्वं घेऊन घरी जा.”

तिने कुठल्याच कप्प्यात नीट न बसणारा एक लंगडा प्रश्न काढून टाकला. पॉइंट चौऱ्याऐंशी. साडेअकरा वाजले.

“प्रश्न सोड आता,” आकडेमास्तरीण म्हणाली. “माणसं बघ. सगळा खेळ कोण बिघडवतंय?”

तिने सगळ्यात वाईट बसणारे फॉर्म वर आणले. एकसष्ट निघाले, आणि सगळे एकाच गठ्ठ्यातले. डोळे मिटून भरावेत तसे. एकाने लिहिलं होतं, सुईची मुळीच भीती नाही. खाली त्याचाच हात नेहमी थरथरत होता. एकाने सगळीकडे ‘कधीकधी’ ठोकून दिलं होतं. काहींनी अर्ध्यातच खाडाखोड केली होती. बाकीचे दोनशे एकोणचाळीस मात्र शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे होते.

तिने एकसष्ट वगळून पुन्हा चालवलं. पॉइंट सत्त्याण्णव.

आकडेमास्तरणीने शीळ घातली. ती मात्र हसली नाही. तीनशेही फॉर्म गोळा कुणी केले होते, ते तिला ठाऊक होतं.

मॅडमनी कागद उलटसुलट पाहिला. “नको ती माणसं काढलीस आणि हवा तो आकडा आला. असं चालत नाही. फॉर्म खोटे असतील तर गोष्ट वेगळी. ज्याने गोळा केले त्याने प्रत्येकावर तसं लिहून सही करायची. कोण आहे?”

“एक निवृत्त कंपाउंडर आहेत.”

ते आपले वडील आहेत, हे तिच्या तोंडून निघेचना.

दवाखान्याच्या नुसत्या वासाने तिला भोवळ यायची, म्हणून बाबा म्हणाले होते, मी जातो. दोन महिने रोज डबा घेऊन निघायचे. जेवताना ती त्यांना तीन कप्पे इतकं समजावायची की अठराच्या अठरा प्रश्न त्यांना पाढ्यांसारखे पाठ झाले होते.

दीड वाजता ती घरी पोचली. बाबा खिडकीशी शर्टाला बटण लावत होते. तिने टेबलावर दोन गठ्ठे ठेवले, एकसष्टांचा लहान आणि बाकीच्यांचा मोठा.

“बाबा, मी रागावणार नाहीये.”

“म्हणजे रागावणारच.”

“काही फॉर्म तुम्ही घरीच भरलेत का?”

सुई थांबली.

“अनोळखी माणसाला जाऊन विचारायचं, तुम्हाला कशाची भीती वाटते,” ते हळूच म्हणाले. “एकजण अंगावर धावून आला. एक बाई रडायला लागली, ती थांबेचना. नंतर फाटकापर्यंत जायचो, पण पाय आत पडेना. तुझं काम अडायला नको म्हणून…”

तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

“झालं ते झालं. आता जे खोटे आहेत त्यांच्यावर तसं लिहा आणि सही करा. मला चारच्या आत पोचायचंय.”

“तुझं काही वाईट नाही ना होणार?”

“उलट वाचेन. मॉडेल बसलं, बाबा. माझे तिन्ही कप्पे बरोबर निघाले.”

“इतके छान बसले?”

“अगदी घट्ट.”

बाबांनी चष्मा लावला. लहान गठ्ठ्यातले काही फॉर्म चाळले. मग तो गठ्ठा उचलून, कडा नीट जुळवून, तिच्या पिशवीत परत ठेवला. मोठा गठ्ठा पुढ्यात ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्याच फॉर्मवर लिहिलं, ‘खोटा’.