तिसरी कढई

सासूबाईंनी डबा कढईत उपडा केला आणि बघता बघता कढईतलं सगळं नासलं.

सून हातात डाव घेऊन जागच्या जागी थिजली. पहाटेपासून ती चुलीपुढे उभी होती. राखेचं पाणी आणि शेळीची चरबी ढवळून ढवळून तिचा खांदा भरून आला होता. आत्ता कुठे ते मधासारखं दाट व्हायला लागलं होतं. राखेचं आणखी डबाभर पाणी घातलं की काम झालं, म्हणून तिनं सासूबाईंना हाक मारली होती. आणि आता पांढरट गोळे वर तरंगत होते, खाली मळकं पाणी सुटलं होतं.

तिनं रिकामा डबा उचलून नाकाशी धरला.

"आई, हे काकड्या मुरवायचं मिठाचं पाणी आहे!"

"काहीतरीच काय! मी वास घेऊन आणलाय डबा."

"चार दिवस सर्दी झालीये तुम्हाला. कसला वास येतोय?"

या घरात रिकामा डबा फेकायची पद्धत नव्हती आणि त्यावर चिठ्ठी लावायचीही नव्हती. फळीवर एकसारखे बारा डबे होते आणि सासूबाई ते नाकानं ओळखत. तीस वर्षांत ते नाक एकदाही चुकलं नव्हतं. चुकायला त्याला नेमका आजचाच दिवस सापडला.

आवाज ऐकून सासरे आत आले. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. म्हाताऱ्याची तयारी सकाळपासूनच होती.

स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं यादी लिहिलेली असे. जे आपल्या जमिनीत पिकत नाही आणि आपल्या हातानं होत नाही, ते त्या यादीत. सून लग्न होऊन आली तेव्हा यादी कडीपासून थेट उंबरठ्यापर्यंत लांब होती. मग मधमाश्या पाळल्या आणि साखर पुसली गेली. दोर वळायला शिकली, दोर पुसला गेला. आता तीनच शब्द उरले होते. मीठ, काड्यापेटी, साबण.

साबणानं मात्र तिला पार जेरीला आणलं होतं. दोनदा केला, दोनदा नुसती खळ झाली. सासऱ्यांनी ती खळ हातगाडीच्या चाकांना चोपडली आणि वर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "आमच्या सूनबाईंचा हात लागला आणि चाकं कुरकुरायची थांबली." तिसरी कढई शेवटची, असं सर्वांनी मिळून ठरवलं होतं. ती फसली की चरबी दिव्यांना जायची आणि 'साबण' हा शब्द दारावर पक्क्या रंगात लिहिला जायचा. म्हणजे पुन्हा पुसायची कटकटच नको.

"मग, रंग ढवळायला घेऊ?" सासऱ्यांनी विचारलं.

सुनेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. धुरामुळे आलं म्हणावं, तर चूलही विझत आली होती.

सासूबाई कढईकडे बघत राहिल्या. माझं चुकलं, हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकले नव्हते आणि आजही कोणाला ऐकू येणार नव्हते. त्यांनी पदर खोचला.

"काय गं, दूध नासलं तर आपण काय करतो?"

"चीज करतो."

"फेकतो का?"

"नाही. पण आई, हे दूध नाहीये."

"नासलंय ना? मग झालं तर. झारा आण."

मग दोघींनी मिळून ते गोळे झाऱ्यानं काढले, फडक्यात पिळले, चीजच्या लाकडी साच्यात दाबून भरले आणि वर जात्याची जुनी तळी ठेवली. सासरे हातगाडी दुरुस्त करायला निघून गेले. जाताना रंगाचा डबा दारापाशीच ठेवून गेले, झाकण उघडं टाकून.

दुपारी सुनेला जेवण गेलं नाही. शेळ्यांना चारा घातला, वाफ्यांना पाणी दिलं, आणि दर खेपेला साच्यावरून एक नजर टाकली. उचलून बघायचा धीर काही होईना.

ऊन कलल्यावर सासूबाईंनीच तळी बाजूला केली. सुनेनं साचा मेजावर उलटा धरला आणि तळाला थापटी मारली.

ठक्.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधीचे दोन साबण, मिठाशिवायचे, वाटीतून ओघळले होते. त्यांचा आवाज असा कधी झालाच नव्हता. सुनेनं त्यावर नख रोवलं. नख आत जाईना. सुरी घेतली, तर सुरीखाली सरळ, गुळगुळीत वडी पडली.

तेवढ्यात सासरे आले. कोपरापर्यंत हातगाडीचं काळं वंगण.

"बाबा, हात पुढे करा," ती म्हणाली.

त्यांनी वडी घेतली आणि दारातल्या पाण्याच्या बादलीत हात बुडवून चोळली. बोटांमध्ये फेस आला. राखाडी, मग पांढरा, मग इतका की बादलीबाहेर सांडला.

"जरा झोंबतोय," ते म्हणाले. मग बराच वेळ हात चोळत राहिले. बोटं स्वच्छ निघाली तरी चोळतच राहिले. शेवटी वाकून त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण स्वतःच दाबून बसवलं.

सुनेनं त्यांच्याच हातावरचा मूठभर फेस घेतला, तडक दारापाशी गेली आणि 'साबण' या शब्दावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. खडूचं पांढरं आणि फेसाचं पांढरं एक होऊन खाली ओघळलं. ती मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं की गोठ्यातून शेळ्यांनी ओ दिली.

"सरक जरा," मागून सासूबाई म्हणाल्या.

त्या खडू घेऊन आल्या होत्या. एक दणदणीत शिंक दिली, नाक पुसलं आणि 'मीठ' या शब्दापुढे ठळक अक्षरांत लिहिलं, 'दुप्पट'.