पान त्रेपन्न

शशिकला गुळवणींनी ग्रंथालयात स्वतःच लिहिलेलं जुनं पुस्तक उघडलं, तर त्रेपन्नावं पान कोरं करकरीत. त्यांच्या लेकीच्या, ऊर्मीच्या, आजारपणाचं ते पान होतं. जाताना ऊर्मी शेवटचं काय म्हणाली, ते विसरू नये म्हणून त्यांनी तिथे लिहून ठेवलं होतं. आता वयोमानाने तेच आठवत नव्हतं.

"आजी, पान वाचणाऱ्याचे डोळे बघून वय ओळखतं," ग्रंथपाल मेघना म्हणाली. "ऐंशीच्या पुढे मरणाबिरणाचा मजकूर दिसतच नाही."

"अगं, पण हे मीच लिहिलंय!"

"नियमही तुमच्याच ग्रंथालय समितीचा ना? ज्याला झेपणार नाही, त्याला दिसू नये."

नियम करताना शशिकलाबाईंच्या डोळ्यांपुढे फक्त लहान मुलं होती.

"बरं, तू तरी वाचून दाखव. शेवटची एकच ओळ."

मेघनाने पुस्तक स्वतःकडे वळवलं. ती पस्तिशीची, तिच्यापुढे पानभर अक्षरं उमटली. वाचता वाचता तिने ओढणीने डोळे टिपले आणि पुस्तक हलकेच मिटलं.

"फार छान लिहिलंय हो, आजी," ती म्हणाली. "पण तुम्हाला नाही झेपायचं."